डिसेंबरपर्यंत थांबा

आमच्याकडे डॉक्टर गुरुवारी आणि रविवारी यायचे. दवाखाना त्यांचा पोयबावडीला, घर गिरगावात, आणि आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत, वरच्या मजल्यावर. जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज आला की आई धावत जाऊन मिठाची बरणी फळीवर मागे सरकवायची. मीठ बंद होतं ते माझ्या वडिलांना, आबांना; आम्हा मायलेकींना नव्हे. पण घरात मीठ दिसलं तर डॉक्टर ओरडतील, अशी तिला धास्ती. ते ओरडायचेही.

"कौसल्याबाई, काल सुकट खाल्लं यांनी. खोटं बोलू नका, पाय सांगतायत."

मग डॉक्टर तळपदे खाटेच्या कडेला बसून आबांच्या नडगीवर अंगठा दाबून धरायचे. अंगठा काढला की तिथे खळगा राहायचा. तो किती खोल आणि किती वेळ राहतो, याकडे आई अशी टक लावून बघायची की मला तिचीच जास्त काळजी वाटे.

आबांचं हृदय दमलं होतं. उभा जन्म गिरणीच्या सूत कातायच्या रिंग खात्यात गेला. कापड विणायच्या साच्यावर आमच्या माणसांना घेत नसत, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आमची थुंकी लागलेला धागा दुसऱ्यांना चालत नसे. रिंग खात्यात कापूस छातीत गेला आणि पुढे सगळं शरीरच पाण्याने भरायला लागलं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून आबा उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायचे. इस्पितळात ते जायला तयार नव्हते. तेव्हा डॉक्टरच घरी येऊन सुई टोचायचे. त्या सुईने अंगातलं पाणी उतरायचं, आबा दोन दिवस माणसात यायचे, आणि पुन्हा हळूहळू भरायला लागायचे.

पाणीसुद्धा मोजून प्यायचं होतं. डॉक्टरांनी एका काचेच्या पेल्यावर रेघ ओढून दिली होती. त्या रेघेवरून आबा त्यांची टर उडवायचे.

"डाक्टर, म्हाडला पाणी अडवणारे दुसरे होते. हितं तुम्ही अडवताय."

महाडच्या तळ्यावर आबा तरणेताठे असताना गेले होते आणि बाबासाहेबांच्या मागून उतरून ओंजळभर पाणी प्यालेले होते. त्या पाण्याची चव आम्ही इतक्यांदा ऐकली होती की मला ती पाठ होती.

"तेव्हा प्यालात ना पोटभर?" डॉक्टर म्हणायचे. "मग आता माझं ऐका."

आबा हसायचे आणि ऐकायचे. डॉक्टरांचा शब्द आमच्या घरात का चालत असे, हेही सांगते. छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईसाठी गोळीबार झाला. गिरणगावात संचारबंदी होती, गॅलरीतून डोकं बाहेर काढायची सोय नव्हती. तो रविवार होता आणि आबांचा श्वास सकाळपासून घरघरत होता. आई म्हणाली, आज कुठले येतायत डॉक्टर. आणि जिन्यात बूट वाजले. माणूस पोयबावडीपासून चालत आला होता, औषधाची पेटी पोलिसांना दिसावी म्हणून छातीशी धरून. त्यांनी सुई टोचली. आईने चहा केला, तो त्यांनी आमच्याच कपातून, आबांच्या खाटेवर बसून घेतला. खाली रस्त्यावर पोलीस असताना आबा धापा टाकत "मुंबई आमची" म्हणाले, तर डॉक्टर खेकसले, "मुंबई तुमचीच आहे, पण तोंड मिटा, श्वास पुरवा." त्या दिवसापासून आबांनी त्यांना घरातलं धरलं. मीही धरलं. नंतर राग राग केला तो म्हणूनच.

आता आबांना काय हवं होतं ते सांगायला हवं. येवल्याच्या सभेत बाबासाहेबांनी धर्म सोडायचं जाहीर केलं तेव्हा आबा तिथे होते. परत आल्यावर ते आईला म्हणाले, "आपण पण हिंदू म्हणून नाय मरायचं." घरातले देव त्यांनी तेव्हाच फडक्यात गुंडाळून समुद्रात सोडले. आईने आठवडाभर अबोला धरला होता. पण जुनं सोडलं तरी नवं अजून यायचं होतं, आणि आबा वाट बघत राहिले. वीस वर्षांवर वाट बघितली त्यांनी. मी शिकले, महापालिकेच्या शाळेत मास्तरीण झाले, त्यांचे केस पिकले, गिरणी सुटली, पाय सुजले. त्यांचं एकच होतं, त्या माणसाच्या तोंडून शब्द ऐकायचे आणि त्यांच्यामागून म्हणायचे, मग डोळे मिटायचे.

आणि छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा ठरली.

चाळीत नुसती धांदल उडाली. पांढरे कपडे घालून यायचं होतं. खालच्या मजल्यावरच्या भिवा शिंप्याने रात्रंदिवस मशीन चालवलं. आबांनी आपल्या सदऱ्याचं माप खाटेवर बसूनच दिलं. तेव्हा अंगावर सूज होती, पोट ताठलेलं. भिवा म्हणाला, "बुधाजीकाका, दोघांचं कापड लागणार हो तुम्हाला." आबा म्हणाले, "शिव, शिव. एक मी आणि एक माझं पाणी." माझा चुलतभाऊ रामदास त्यांना नेणार होता. मीही शाळेत रजा सांगून ठेवली होती.

जायच्या आधीच्या गुरुवारी डॉक्टर आले. दोरीवर वाळत घातलेला सदरा त्यांनी बघितला.

"कुठे निघालात?"

आबांनी सांगितलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, नडगी दाबली. खळगा भरून यायचं नाव घेईना.

"कल्याणच्या पुढे पोचणार नाही तुम्ही," ते म्हणाले. "गाडीत, त्या गर्दीत, बसायलासुद्धा जागा मिळायची नाही."

"आम्ही धरून बसवू ना," मी म्हटलं. "मी असेन, रामदास असेल."

"तू मास्तरीण आहेस, डॉक्टर नाहीस," ते माझ्यावरच उखडले. "वाटेत छाती भरली तर काय करशील? कविता म्हणून दाखवशील?"

मी आतून पेटले. मग ते आबांकडे वळले आणि आवाज खाली आला. "बुधाजी, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. डिसेंबरात मुंबईतच दीक्षा आहे ना? बाबासाहेब स्वतः येणार, तुम्हीच सांगितलंत मला. तोवर मी तुम्हाला उतरवतो. आणि त्या दिवशी माझ्या मोटारीत घालून मीच घेऊन जातो. शब्द देतो. डिसेंबरपर्यंत थांबा."

त्यात खोटं काहीच नव्हतं. डिसेंबरात मुंबईत दीक्षा व्हायची होती, सगळ्या चाळीला ते माहीत होतं. आबांचे पाय नागपूरला पोचले नसते, हेही खरंच होतं. डॉक्टरांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. चुकले असते तर मोकळेपणी शिव्या तरी देता आल्या असत्या.

आबांनी सदऱ्याकडे बघितलं. मग दाराशी उभ्या रामदासला म्हणाले, "रामदास, तू जा. मी हितंच घेईन."

मीही आबांसाठी मागे राहिले. रामदास जाऊन आला तो निराळाच होऊन. येताना त्याने छापील कागद आणला, त्यावर तिथे घेतलेल्या सगळ्या प्रतिज्ञा होत्या. आबांनी तो खाटेसमोरच्या भिंतीला खळीने चिकटवायला लावला. मी शाळेतून आले की म्हणायचे, वाच. मी वाचायची. पण माझ्यामागून ते कधी म्हणत नसत. "ते त्यांच्या मागनं," म्हणायचे. "आता नुसतं ऐकतो."

औषध मात्र त्यांनी तेव्हा जसं घेतलं तसं कधीच घेतलं नव्हतं. मिठाचं नाव काढलं नाही. पेल्यातल्या रेघेच्या खालीच थांबायचे. "डाक्टर, उतरवा मला," म्हणायचे, आणि डॉक्टरांनी खरंच उतरवलं. नोव्हेंबरात पायांना आकार आला. एकदा त्यांनी गॅलरीपर्यंत चालून दाखवलं, तर सुंदराबाईने समोरून टाळ्या वाजवल्या. ही आमची शेजारीण, आबांहूनही म्हातारी. आईने सदरा घालून बघायला लावला. तो खांद्यावरून लोंबायला लागला. आई म्हणाली, भिवाकडून आत घेऊन आणते. आबा म्हणाले, राहू दे, त्या दिवशी जेवण जास्त होईल. इतके आनंदात होते.

सहा डिसेंबरला गुरुवार होता.

मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत शिपाई धावत आला आणि हेडमास्तरांच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून रडायला लागला. बाबासाहेब दिल्लीला गेले, एवढंच त्याच्या तोंडून आलं. मला आधी वाटलं, दिल्लीला गेले म्हणजे कामाला गेले. मग कळलं.

शाळेतून घरी कशी आले ते आठवत नाही. चाळीत शिरले तर जिन्यावर माणसं बसलेली, बाया गॅलरीत जमिनीवर पडून कपाळ आपटतायत. आमच्या खोलीचं दार मात्र लावलेलं. आईने सकाळपासून ते उघडलंच नव्हतं. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती मोरीशी बसली होती. डॉक्टरांनी तिला बजावून ठेवलं होतं की यांना कसलाही धक्का बसता कामा नये, म्हणून ती घट्ट दार लावून बसली होती. एवढी चाळ रडतेय आणि ही एक दार लावून ते थोपवतेय!

आबा उशांना टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "बकुळे, आज कुणाच्याच घरी स्टोव्ह पेटला नाय. कोण गेलं?"

आमच्या चाळीत माणूस गेलं की ते उचलेपर्यंत कुणी चूल पेटवत नसे. पण तो एक मजला असायचा. आज वरपासून खालपर्यंत एका स्टोव्हचा आवाज नव्हता. आबांनी तेवढं कान देऊन ऐकलं होतं.

"सुंदराबाई गेली काय?"

मी आत शिरताना दाराला कडी लावायची राहिली होती. तेवढ्यात दार ढकलून सुंदराबाईच आत आली, हंबरडा फोडायला तोंड उघडलं, आणि आबांना बघून तशीच मागच्या पावली पळाली. आबा दाराकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा बदलायला लागला.

तेवढ्यात बूट वाजले.

डॉक्टरांनी पेटी ठेवली, आधी सुई भरली आणि टोचली. मग खाटेवर बसले, आबांचं मनगट हातात घेतलं आणि म्हणाले, "बुधाजी, बाबासाहेब गेले. पहाटे, झोपेतच."

आबा रडले नाहीत. मला वाटलं होतं छाती फुटेल, तसंही झालं नाही. ते नुसते पायांकडे बघत राहिले, डॉक्टरांनी दोन महिने मेहनतीने उतरवलेल्या त्या पायांकडे.

"ते पण आजारीच होते ना, डाक्टर?"

"हो."

"पाय दुखायचे म्हणत. चालवत नव्हतं, म्हणत."

"हो. मीही तसंच ऐकलंय."

"तरी गेले नागपूरला."

"गेले."

"त्यांना पण कोणीतरी डाक्टर नको म्हणाला असंल. त्यांनी नाय ऐकलं. मी ऐकलं."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, डॉक्टरांचंही आणि माझंही. डॉक्टरांनी मनगट सोडलं आणि पेटी उघडून काहीही न शोधता पुन्हा मिटली. ते निघाले तेव्हा मी दारात म्हटलं, "डिसेंबर आला, डॉक्टर." माझा राग कुणावर तरी निघायलाच हवा होता. ते खाली मान घालून जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा दादरहून निघून पोयबावडीवरून दादरच्याच चौपाटीला जायची होती. रामदास आणि चार पोरं पहाटेच खुर्ची घेऊन आली, काकांना उचलून नेतो म्हणाली. पण एका रात्रीत आबांचा श्वास पुन्हा चढला होता. पाय तट्ट झाले होते, बोलताना मध्येच थांबावं लागत होतं. त्यांनी मान हलवली.

"वाटेत मेलो तर सगळ्यांची पंचाईत. आज त्यांचा दिवस हाय. माझा नको." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जा गो. पांढरं नेस, आणि जा."

मी नागपूरसाठी घेतलेलं पांढरं लुगडं नेसले आणि गेले. सगळी चाळ गेली. सुंदराबाईलासुद्धा तिच्या नातवांनी हाताला धरून नेलं. मागे राहिले ते आबा आणि आई.

त्या गर्दीचं मी काय सांगू? लाखो माणसं चालत होती आणि पायांच्या आवाजाशिवाय आणि हुंदक्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मला त्यांचा चेहरा लांबून, एकदाच दिसला. चौपाटीवर वाळूत उभी राहिले, आणि कळलं की इथेच, त्यांच्या देहासमोर, दीक्षा देणार आहेत. एक भिक्खू उभे राहिले. ते सांगत होते आणि सगळा किनारा त्यांच्यामागून म्हणत होता. मीही म्हटलं. म्हणताना एकदम ध्यानात आलं, हे घरी नेता येईल! त्यांच्यासमोर घेतलेले शब्द मी तसेच आबांना नेऊन देऊ शकेन, आणि त्यांना ते माझ्यामागून म्हणता येतील. आता तरी ते नाही म्हणणार नाहीत.

अग्नी द्यायच्या आधीच मी उलटी निघाले. लोक अंगावर येत होते, शिव्या देत होते, मी वाट काढत होते. शब्द मला पाठच होते, तरी भरल्या कळशीसारखे जपून, पुन्हा पुन्हा पुटपुटत मी एल्फिन्स्टन पूल चढले आणि उतरले. चप्पल कुठे गेली ते कळलं नाही.

चाळीत चिटपाखरू नव्हतं. आमचं दार सताड उघडं होतं. दाराशी डॉक्टर उभे होते, कोट काढलेला, सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या. त्या दिवशी शुक्रवार होता, त्यांचा यायचा दिवस नव्हता. बुटांवर धूळ होती. गर्दीत मोटार सोडून ते चालत आले असणार.

आबांच्या अंगात पांढरा सदरा होता. सूज परत आल्यामुळे तो आता अगदी नीट बसला होता, भिवाने घेतलेल्या मापाचा. उशाशी आमचा पाण्याचा मोठा तांब्या रिकामा पडला होता. रेघेचा पेला फळीवर उपडा होता. मी आधी तो पेला बघितला, आणि मग मला कळलं.

आई आबांच्या पायांशी बसून होती. तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगते.

"डाक्टर आले, नळी लावली, आन् सुई काढलीच नाय. ह्यांनी पाणी मागितलं. डाक्टरांनी आपल्या हातानं तांब्या लावला तोंडाला. घटाघटा प्याले गो. म्हणाले, म्हाडसारखं गोड हाय. मग म्हणाले, डाक्टर, तुमचा शब्द होता, नेतो म्हणून. डाक्टर म्हणाले, होता. हे म्हणाले, आता नेऊ नका. हितंच द्या. तर डाक्टर म्हणतात, मी कसा देऊ, बुधाजी? मी हिंदू, माझ्या घरी गणपती बसतो. हे म्हणाले, वाचता येतं ना? कौसल्येला नाय येत. चाळीत दुसरं कोण नाय."

डॉक्टरांनी मग खाटेवर बसून आबांचं मनगट धरलं आणि भिंतीवरचा कागद वाचायला सुरुवात केली. एक वाक्य ते म्हणत, तेच आबा त्यांच्यामागून म्हणत. ज्या देवांना डॉक्टर रोज सकाळी हात जोडत असतील, त्यांना मी मानणार नाही, असं त्यांना आपल्या तोंडाने म्हणावं लागत होतं, कारण त्याशिवाय आबांना म्हणता आलं नसतं. गणपतीपाशी ते अडले. आबांनी डोळे उघडून विचारलं, "काय डाक्टर, दम लागला?" मग त्यांनी तेही वाचलं.

"मग ह्यांचा आवाज बसला गो," आई म्हणाली. "नुसते ओठ हलत होते. मग ओठ पण नाय. पण डाक्टर थांबले नाय. शेवटपरेंत वाचलं." ती डॉक्टरांकडे वळली. माझ्याकडे नाही, मी मास्तरीण असून मला तिने विचारलं नाही. "डाक्टरसाहेब, अर्धं राहिलं असंल तर चालतं का हो? झाले ना हे बौद्ध?"

मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. वाचत असताना सगळा वेळ मनगट त्यांच्या हातात होतं. कोणत्या वाक्याला नाडी थांबली, हे जगात त्या एकाच माणसाला माहीत होतं.

"झाले, कौसल्याबाई," ते म्हणाले. "पूर्ण झाले."

हाच माणूस आबांना म्हणाला होता, डिसेंबरपर्यंत थांबा. मला विचारायचं होतं, कोणत्या वाक्याला? अगदी ओठांवर आलं होतं. पण आईने पदराने तोंड पुसलं, आबांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "ऐकलंस गो? झाले." मग मी विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीही नाही.

डॉक्टरांनी कोट हातावर घेतला आणि जिना उतरले. मी आबांच्या कानाशी वाकले आणि दादरहून आणलेले शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे म्हटले, मध्ये कुठे राहून गेलं असेल तर राहू नये म्हणून.